बंदरापर्यंत कसं जायचं

सोमवार, ४ मार्च

धाकटीचं पत्र आलं. प्रवासी जहाजावरच्या पार्लरमध्ये केस कापायला तिला घेतलंय. आठ महिन्यांचा करार. पत्र तिने दुकानातच उघडलं, गिऱ्हाइकाच्या ओल्या डोक्यावर टॉवेल तसाच ठेवून, आणि किंचाळली. मी आरशातून बघत होते. मीही किंचाळायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं, बाईंच्या मानेवरून पाणी ओघळतंय."

नंतर मिठी मारली तिला. पण आधी पाणी पुसलं.

बाबांना ओरडून ओरडून सांगावं लागलं. जन्मभर रात्रपाळीचे पहारेकरी होते, निवृत्त झाले तरी दुपारचे झोपतात, आणि उठल्यावर त्यांचे कान सगळ्यात शेवटी उठतात. "जहाजावर?" म्हणाले. "तिथे कापायचे काय, वाऱ्यानेच उडून जातील की केस." धाकटी इतकी हसली की ठसका लागला.

एकवीस तारखेला दुपारी दोनच्या आत बंदरावर हजर व्हायचंय. बंदर इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. "कसं जायचं ते तू बघ ना, ताई," ती म्हणाली. "मला डॉक्टरचे कागद, पोलिसांचा दाखला, गणवेशाची मापं, हजार भानगडी आहेत. तू ठरवलंस की माझ्या डोक्याला ताप नाही."

बघते म्हटलं. तिचं सगळं मीच बघत आलेय. आई गेली तेव्हा ही माझ्या कडेवर मावत होती.

दुकान दोघींचं. पण लोक येतात तिच्या कात्रीसाठी. मी केस धुते, भुवया करते, रंग लावते, हिशेब ठेवते आणि "पाच मिनिटं बसा हं" म्हणते. हे काही मी कडवटपणे लिहीत नाहीये. निदान तसं वाटत तरी नाहीये.

बुधवार, ६ मार्च

दुपारी बसस्थानकावर जाऊन आले. एक बस आहे, संध्याकाळी सुटते, सकाळी पोचते. मोठं सामान खालच्या डिकीत. मी उभी होते तेव्हा एकजण बॅगा आत लावत होता, म्हणजे पायानेच सरकवत होता. त्याला विचारलं, नाजूक सामान असेल तर? "मांडीवर घ्या," म्हणाला. बस त्या शहराबाहेरच सोडते. पुढे बंदरापर्यंत टॅक्सी. आणि मुख्य म्हणजे धाकटीला गाडी लागते. लहानपणी मामाकडे जाताना प्रत्येक वळणाला बस थांबवावी लागायची.

तेव्हा बस बाद. घरी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "जिला बस लागते ती जहाजावर काय करणार?" मला वाटलं धाकटी हसेल. ती उठून पाणी प्यायली आणि गच्चीवर कपडे आणायला गेली. कपडे मी सकाळीच आणले होते.

आता एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मी घरी बोलले नाही. गोळी घेतली की तिला गाडी लागत नाही. मागच्या वर्षी लग्नाला गेलो तेव्हा पूर्ण रस्ताभर गात होती.

शनिवार, ९ मार्च

स्टेशनवर चौकशी केली. आगगाडी सकाळची. थेट नाही. मधल्या जंक्शनला उतरून बंदराची दुसरी गाडी पकडायची. दोन्हींमध्ये वीस मिनिटं. खिडकीतला माणूस म्हणाला, "वेळेवर आली तर आरामात मिळते." मी विचारलं, वेळेवर येते का? त्याने खांदे उडवले, "बाई, मी इथे बसतो, गाडीत नाही."

जंक्शनला फलाट बदलायला पूल चढावा लागतो. हेही विचारून घेतलं.

जहाज कंपनीची स्वतःची गाडीसुद्धा असते. बंदराच्या शहरातल्या मोठ्या स्टेशनपासून थेट जहाजाच्या दारात, सामान त्यांची माणसं उचलतात. पण ती प्रवाशांसाठी, कामाला जाणाऱ्यांसाठी नाही. फोनवरच्या मुलीने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मीच तिची माफी मागितली.

रविवार, १० मार्च

पलीकडच्या गल्लीत एक मिशीवाला राहतो. त्याची व्हॅन आठवड्यातून तीन-चारदा बंदरावर जाते, माणसं आणि सामान घेऊन. पहाटे दारातून उचलतो आणि दुपारच्या आधी बंदराच्या फाटकाशी सोडतो. बॅगा टपावर, ताडपत्रीखाली, दोरीने आवळलेल्या. कुठे बदलायचं नाही, चढायचं नाही, उतरायचं नाही. सकाळी त्याच्याकडे गेले तेव्हा व्हॅन धूत होता.

"एकवीसला दोन जागा आहेत," म्हणाला. "तुम्ही पण चला सोडायला, त्याच गाडीने परत आणतो. उद्या-परवापर्यंत सांगा, तोवर कुणाला देत नाही."

याहून चांगलं काही असूच शकत नाही, हे मला तिथेच कळलं. परत येताना मी रस्ता सोडून बागेला वळसा घातला.

घरी धाकटी कागदांचा पसारा मांडून बसली होती. "काय म्हणाला मिशीवाला?"

"भरलीय त्याची व्हॅन," मी म्हटलं.

असं म्हणायचं ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं. आणि निघाल्यावर परत कसं घ्यायचं?

"भरली?" ती म्हणाली. "बरं."

मग कागदांत डोकं घातलं. मला वाटलं होतं जरा तरी हळहळेल.

मंगळवार, १२ मार्च

आगगाडीची तिकिटं काढली. दोघींची. परतीचं एकच.

सकाळपासून मनाशी हिशेब मांडतेय. मिशीवाला गाडी जोरात हाकतो असं ऐकलंय. त्याच्या पुढच्या चाकाचं रबर गुळगुळीत झालंय, मी स्वतः पाहिलं. घाटात व्हॅन उलटल्याच्या बातम्या येतात. आगगाडी उलटत नाही. फार तर उशिरा येते. मोठ्या बहिणीने सुरक्षित तेच निवडलं, यात चुकीचं काय?

हे सगळं खरं आहे. मग मी बागेला वळसा का घातला?

शनिवार, १६ मार्च

सामान भरायला घेतलं. एक मोठी लाल बॅग, एक लहान, आणि कात्र्या-ड्रायरची पेटी. धाकटीने मोजकेच कपडे काढून ठेवले होते. मी त्यात भर घातली. जाड चादर, कारण समुद्रावर गारठा असणार. इस्त्री. जाड बूट. शाम्पूच्या मोठ्या बाटल्या, इथलाच सवयीचा बरा. आईची पितळी डबी, आठवण म्हणून.

संध्याकाळी बाबांनी बॅग उचलून बघितली आणि तशीच खाली ठेवली. "हिच्यात काय मला भरलंय?"

धाकटीने कपाटाला टेकून सगळं बघितलं. एक वस्तू बाहेर काढली नाही. एरवी मी तिच्या पर्समध्ये रुमाल टाकला तरी भांडते.

मंगळवार, १९ मार्च

दुकानात गिऱ्हाइकं निरोप घ्यायला येताहेत. बँकेतल्या बाईंनी तिला मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता आम्ही कुठे जायचं हो?" मी हसले. आठ महिन्यांनी दुकान असेल की नाही, मला काय माहीत.

बंद करताना धाकटी केर काढत होती. मध्येच म्हणाली, "ताई, समजा पोचायला उशीर झाला तर जहाज थांबतं का गं?"

"नाही थांबत."

"थोडं पण नाही?"

"जहाज ते, शेजारी नव्हे."

"हं," म्हणाली. झाडू तसाच धरून उभी. मला एकदम तिची दया आली. बिचारीला पोचायची केवढी काळजी, आणि मी... त्या क्षणी सांगणार होते की व्हॅनमध्ये अजूनही जागा असेल, जाऊन विचारते. तेवढ्यात ती म्हणाली, "तू ठरवलंयस ना, मग झालं." आणि दिवे मालवले.

शुक्रवार, २२ मार्च

काल काही लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आता लिहिते.

गाडी निघाली वेळेवर. बाबा दारापर्यंत आले, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याच हातात पैसे कोंबले, सवयीने. डब्यात धाकटीने खिडकी घेतली. उकडलेली अंडी खाल्ली, समोरच्या बाईच्या मुलीची वेणी घालून दिली. अर्ध्या वाटेवर गाडी माळरानात उभी राहिली. बाहेर काही नाही, एक म्हैस आणि तिच्यामागे सिग्नल. धाकटीने एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मी सारखी पाहत होते.

जंक्शनला उतरलो तेव्हा विसातली बहुतेक मिनिटं गेली होती. बंदराची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी दिसत होती. पुलाला उंच पायऱ्या. लाल बॅग आम्ही दोघींनी धरली, एकेक बंद एकीने. वर चढलो. पुलाच्या मध्यावर मला दम लागला. "थांब जरा," म्हटलं. ती थांबली. बॅग खाली ठेवली. खाली गाडीची शिटी झाली आणि डबे आमच्या पायांखालून सरकायला लागले, एकामागून एक, अगदी सावकाश.

मग धावाधाव. स्टेशनबाहेर टॅक्सी केली. टॅक्सीवाला भला माणूस, जिवाच्या आकांताने हाकत होता, पण बंदराजवळच्या पुलावर कंटेनरच्या गाड्यांची ही रांग. फाटकाशी पोचलो तर पहारेकऱ्याने कागद बघितले, आत फोन लावला, मान हलवली. "नोंद बंद झाली, ताई. शिडी काढली त्यांनी."

जहाज तिथेच होतं. समोर. पांढरं, एवढं मोठं की जहाज वाटेना, गावातली एखादी पूर्ण आळी उचलून पाण्यात ठेवल्यासारखं. वरून माणसं हात हलवत होती. आम्हाला नव्हे, असंच. आम्ही जाळीला धरून उभ्या राहिलो. ते जागचं हललेलं कळलंच नाही. मधलं पाणी तेवढं रुंद होत गेलं.

मला रडू फुटलं. धाकटी नाही रडली. माझी पाठ थोपटत होती. "असू दे, ताई. तू तरी काय करणार, तुला दम लागला." तिने पाव विकत घेतला, अर्धा मला दिला. पेटीवर बसून दोघींनी खाल्ला. मी दोन घासांनंतर माझा तसाच ठेवला. तिने माझाही खाल्ला.

शनिवार, २३ मार्च

कंपनीच्या कचेरीत तिने फोन केला. तिकडच्या बाईंनी खरडपट्टी काढली. पण पार्लरमध्ये माणूस हवाच आहे म्हणून एक संधी देताहेत. जहाज फेरी करून ३१ तारखेला, रविवारी, पुन्हा त्याच बंदरात येतंय. तेव्हा हजर असली तर घेतील. नसली तर कायमचं नाव कापणार.

बाबा मला म्हणाले, "गाडी उशिरा आली यात तुझा काय दोष? तोंड का पाडून बसलीस?" ओरडून नव्हे, हळू म्हणाले. त्यांना ऐकू येत नाही, तरी ते स्वतः हळूच बोलतात. मला चांगलं ऐकू येतं. प्रत्येक शब्द.

सोमवार, २५ मार्च

धाकटी पुन्हा दुकानात उभी राहिली. गिऱ्हाइकांना गोष्ट रंगवून सांगते, म्हशीसकट. सगळ्या हसतात. रात्री शांत झोपते. सकाळी दात घासताना गुणगुणते. मला धीर यावा म्हणून केवढं सोंग करतेय पोरगी! मी तिचं नुकसान केलं आणि तीच मला सांभाळतेय. जेवताना तिला जास्तीची साय वाढते. सायीने काय भरून येणार आहे?

मंगळवार, २६ मार्च

आज मिशीवाला दुकानात आला. त्याच्या बायकोला न्यायला, ती भुवया करायला आली होती. मी दोरा धरून वाकलेली. तो दारातूनच म्हणाला, "काय ताई, त्या दिवशी कळवलंच नाही तुम्ही! माझ्या दोन्ही जागा रिकाम्या गेल्या की."

दोरा तुटला. बाई "आई गं" म्हणाल्या.

धाकटी शेजारच्या खुर्चीपाशी कापत होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "हो ना काका," म्हणाली, "ऐनवेळी आमचाच बेत बदलला. सांगायचं राहूनच गेलं. सॉरी हं."

तो गेला. तिची कात्री चालूच होती, एकसारखी. संध्याकाळपर्यंत ती त्याबद्दल काही बोलली नाही. घरीही नाही. जेवणात मीठ कमी आहे एवढंच म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, २७ मार्च

मला दम लागला नव्हता.

हे इथे तरी खरं लिहिते. पुलावर मला काहीही झालं नव्हतं. पाण्याची कळशी घेऊन मी रोज तीन जिने चढते. खाली गाडी उभी दिसली, दारं उघडी, आणि आम्ही धावलो असतो तर मिळणार होती, हे मला दिसलं. म्हणूनच थांबले.

आज दुकान उघडायच्या आधी तिला सांगितलं. ती कंगवे साबणाच्या पाण्यात घालत होती. मी म्हटलं, "व्हॅनमध्ये जागा होती. मी तुला खोटं सांगितलं."

"माहितीये."

"काल कळलं ना?"

"काल नाही." ती कंगवे घुसळत राहिली. "तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशीच. काका वाण्याकडे भेटले. म्हणाले, तुमच्या ताईंनी अजून नक्की केलं नाही, जागा ठेवू ना? मी म्हटलं, ताई सांगेल."

मी खाली बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

"ओरडायचंस माझ्यावर! स्वतः जाऊन जागा सांगायचीस! तुझी नोकरी गेली असती."

तिने ओले हात पुसले आणि म्हणाली, "पत्र आलं त्या दिवसापासून मला भीती वाटतेय, ताई. मी कधी एकटी झोपले नाहीये. तिथे खिडकी नसलेल्या खोलीत, कोण कुठल्या बायका, आणि खाली सगळं पाणी. पण अर्ज मीच केला होता. सगळ्यांना सांगून बसले होते. नाही जात म्हणायचं कसं? मला वाटलं, तू अडवतेयस तर अडव. म्हणजे माझ्यावर येणार नाही."

"आणि पुलावर?"

"पुलावर तुला दम लागलेला नाही हे मला कळत नाही होय? मी तर बॅग आधी खाली ठेवली."

मी आठवून बघितलं. खरंच. मी बंद सोडायच्या आधी तिची बाजू टेकली होती.

आम्ही दोघी आरशात दिसत होतो. मला हायसं वाटायला हवं होतं, ओझं वाटून घेतल्यासारखं. उलट जड वाटलं. तिला भीती वाटत होती आणि ते मला, तिच्या ताईला, कळलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. माझं सगळं लक्ष वेळापत्रकाकडे.

शुक्रवार, २९ मार्च

परवा रविवार. तिने काही ठरवलं नाही. बॅग भरलेली तशीच कोपऱ्यात. बाबा तिच्यावर टोपी ठेवायला लागलेत.

आज दुपारी चहा पिताना ती म्हणाली, "ताई, तू म्हण ना राहा. तू म्हटलंस तर मी राहते. खरंच. मला वाईट वाटणार नाही."

किती सोपं होतं! दोन अक्षरं. मला ती इथेच हवी आहे. तिलाही राहायचंय. बाबांनाही. दुकानालाही. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मी म्हटलं, "आणि पुढच्या वर्षी मला म्हणशील, तू म्हटलंस म्हणून राहिले."

"नाही म्हणणार."

"तोंडाने नाही म्हणणार."

ती चिडली. "मग जा म्हण!"

तेही माझ्याच्याने म्हणवेना. कप घेऊन मोरीत गेले आणि उगाच विसळत बसले. मग चपला घातल्या आणि मिशीवाल्याकडे गेले. या वेळी सरळ रस्त्याने. रविवारी एकच जागा उरली होती, खिडकीची, चालकाच्या मागची. त्याला म्हटलं, नाव लिहा. घाटात सावकाश हाका. चाक बदललंत का? तो म्हणाला, "कधीच बदललं, ताई. कधीचं चाक घेऊन बसलाय तुम्ही?"

घरी येऊन लाल बॅग उघडली. टोपी बाजूला ठेवली. चादर, इस्त्री, बूट, बाटल्या बाहेर काढल्या. डबीसुद्धा. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"एकच जागा मिळाली," मी म्हटलं.

"तू येणार नाहीस?"

"नाही. मी आले तर पुन्हा कुठेतरी थांबेन."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली, तोंड उघडं टाकून. "तू मला हाकलतेयस," म्हणाली. मी चादरीच्या घड्या घालत राहिले. बाबा आवाजाने उठून आले. त्यांना ऐकू गेलं म्हणजे ती केवढ्यांदा रडली असेल.

तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं. घेतलं असतं तर सोडलं नसतं.

रविवार, ३१ मार्च

पहाटे व्हॅन आली. मिशीवाल्याने बॅग एका हाताने टपावर टाकली. "एवढंच?" म्हणाला. पेटी तिने मांडीवर घेतली. मी गोळी आणि पाण्याची बाटली दिली. तिने घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. डोळे सुजलेले. बाबांच्या पाया पडली, माझ्या नाही पडली. दार लागलं. काचेतून तिने फक्त बाबांना हात केला.

व्हॅन वळली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिते. चाक पंक्चर होऊ दे.

दिवसभर त्याचीच भीती वाटत राहिली. दुकान उघडलं नाही. बाराला मिशीवाल्याला फोन केला, लागला नाही. एकला केला, लागला नाही. मी घाट, दरी, पोलीस सगळं डोळ्यांसमोर बघून घेतलं. दोन वाजून गेल्यावर तिचा मेसेज आला. "चढले. पलंग वरचा आहे." एवढंच. ना ताई, ना काही.

बाबांना ओरडून वाचून दाखवलं. "वरचा म्हणजे पडेल की ती," ते म्हणाले आणि अंथरुणावर आडवे झाले. पण दुपारभर कूस बदलत होते. आज झोपले नाहीत.

गुरुवार, ४ एप्रिल

फोन नाही. समुद्रात लागत नसेल. बँकेतल्या बाई आल्या होत्या. म्हटलं, मी कापू का? त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुढच्या आठवड्यात येते," म्हणाल्या. राग नाही आला. मीच स्वतःकडे कापून घेतले नसते.

पहिल्यांदा तिला अडवलं तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काय असणार. आता तिला ढकललं. तिथे तिला कुणी छळत असेल, ती वरच्या पलंगावर तोंड दाबून रडत असेल, तर ते कुणामुळे? अडवलं तेव्हा निदान दोघींचं संगनमत होतं. हे सगळं मी एकटीने केलंय.

संध्याकाळी बाबा दुकानात येऊन खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड स्वतःच बांधलं. "काप," म्हणाले. "मला कुठे कोण बघणारंय." कापले. डावीकडे जास्त गेले. मग उजवीकडे जास्त. कान मोठे दिसायला लागले. ते आरशात बघून म्हणाले, "छान. हवा लागतेय."

शुक्रवार, १२ एप्रिल

दुकानात फोन आला. कुठल्यातरी बंदरावरून. मागे नुसता गोंगाट, हसणं, कुणीतरी तिला नावाने हाका मारतंय, आणि ते नावही वेगळंच उच्चारतंय. ती भराभर बोलायला लागली. पहिले दोन दिवस उलट्या झाल्या. खालच्या पलंगावरची मुलगी घोरते पण मायाळू आहे. एका म्हातारीने खूश होऊन तिच्या गालांचे मुके घेतले. आरसे किती मोठे आहेत, पाण्याला केवढा जोर आहे.

"रागावलीयस अजून?" मी विचारलं.

"कशाबद्दल?" ती म्हणाली. मग आठवल्यासारखं, "अगं, नाही!"

"आठवण येते का घरची?"

"वेळच नाही मिळत, ताई. सकाळी उभी राहिले की थेट रात्री बसते. चल, ठेवते, त्या सगळ्या गाव बघायला निघाल्यात. बाबांना सांग."

ठेवला.

ती माझ्यासाठी खोटं बोलत असेल का, मी विचार केला. मला धीर यावा म्हणून. पण नाही. तिचा खोटा आवाज मला आता ओळखता येतो. हा तो नव्हता. आणि माझ्या मनाने लगेच काय करावं? ती खोटंच बोलत असू दे, असं म्हणावं. एका क्षणापुरतं, पण म्हटलं. मी बहीण आहे की कोण?

बाबा खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मजेत आहे!" मी ओरडले.

"काय?"

"मजेत आहे ती! आठवण काढायला वेळ नाही!"

"छान की," ते म्हणाले. "मग तू का रडतेस?"

"केसांच्या रंगाचा वास," मी म्हटलं. "डोळ्यांत जातो."

रंगाचा डबा अजून उघडलाच नव्हता. मग उठून उघडला.